वाचकांचे प्रश्न : समुद्रकाठचे भाड्याचे घर आणि आवारातला जलतरण तलाव

मुंबई आणि नवी मुंबईत, जलतरण तलाव असलेल्या इमारतींमध्ये भाड्याने घर घेण्याविषयी गेल्या काही महिन्यांत इतकी पत्रे आली, की या अंकातले सदर त्याच एका विषयाला द्यायचे ठरवले. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी नाशिकहून मुंबईला बदली झाली आहे. वर्सोव्याला समुद्रापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, एका उंच इमारतीत दोन बेडरूमचे घर आम्ही पसंत केले आहे. भाडे दरमहा ८०,००० रुपये आणि अनामत ३,००,००० रुपये. जवळच्याच एका जुन्या इमारतीत तेवढेच घर ६५,००० रुपयांत मिळते, पण तिथे तलाव नाही. आमची मुले नऊ आणि बारा वर्षांची आहेत आणि पोहण्यासाठी हटून बसली आहेत. कराराच्या मसुद्यात फक्त सदनिकेचा आणि पार्किंगच्या एका जागेचा उल्लेख आहे. तलावाचे विचारले तर एजंट म्हणतात, ‘तो तर इमारतीचाच आहे, वेगळे लिहायची गरज नाही.’ हे बरोबर आहे का? आणि दरमहा १५,००० रुपये जास्त देणे योग्य ठरेल का?

उत्तर : एजंटचे म्हणणे मानू नका. तलाव इमारतीचा आहे हे खरे. पण आपण भाड्याने घेत आहात ती सदनिका, इमारत नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि मलनिस्सारण यांना अत्यावश्यक सेवा मानले आहे आणि त्या योग्य कारणाशिवाय तोडण्यास घरमालकाला मनाई आहे. त्या यादीत जलतरण तलाव नाही. म्हणजे तलाव उद्या बंद झाला, तर आपल्या बाजूने बोलणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे करारातले वाक्य. ते वाक्यच नसेल तर आपण दरमहा दिलेले जास्तीचे १५,००० रुपये कशासाठी होते, हे सिद्ध करण्याचा कोणताही कागद आपल्या हाती राहत नाही.

हे मी अनुभवाने सांगते आहे. काही वर्षांपूर्वी दादरला भाड्याचे घर शोधत असताना, खिडकीतून खाली दिसणारे निळे पाणी पाहून मी एक घर घेतले. दोन महिन्यांत तलावाला गळती लागली, तो रिकामा केला गेला आणि माझ्या कराराची मुदत संपेपर्यंत तो काही पुन्हा भरला गेला नाही. घरमालक सज्जन होते, पण त्यांचे उत्तर एकच होते: ‘करारात तलाव कुठे आहे?’ त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते.

म्हणून मसुद्यात पुढील आशयाचे कलम घालण्याचा आग्रह धरा: ‘परवानाधारक (म्हणजे भाडेकरू) आणि त्याच्यासोबत राहणारे कुटुंबीय यांना इमारतीतील जलतरण तलाव सोसायटीच्या नियमांनुसार, वेगळे शुल्क न देता वापरता येईल. पावसाळ्यातील महिने वगळता तलाव सलग ३० दिवसांहून अधिक काळ बंद राहिल्यास, तो सुरू होईपर्यंत मासिक शुल्कातून (म्हणजे भाड्यातून) ठरलेली रक्कम वजा केली जाईल.’ तलाव चालवणे आपल्या हातात नाही, असे घरमालक म्हणतील आणि ते खरेही आहे. पण त्याच तलावाच्या आधारावर ते जास्त भाडे मागत असतील, तर तो बंद पडल्याचा भार एकट्या भाडेकरूने सोसणे न्याय्य नाही, हे त्यांना शांतपणे सांगता येते. वजावटीची रक्कम पूर्ण १५,००० नसली, ८,००० किंवा १०,००० असली तरी चालेल. आकडा मात्र लिहिलेला असावा.

करार अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी महाराष्ट्रात बंधनकारक आहे. इतर अनेक राज्यांत एक वर्षाहून कमी मुदतीचा करार नोंदवला नाही तरी चालतो, त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांचा इथे गैरसमज होतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि त्याने ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणीकृत करारच नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावे असेही तेच कलम सांगते. असे असले तरी त्या आधारावर न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा नोंदवलेले एक वाक्य कितीतरी बरे. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क मुदतीच्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर ०.२५ टक्के इतके असते. आपल्या बाबतीत भाडे ८,८०,००० रुपये आणि अकरा महिन्यांचे मानीव व्याज २७,५०० रुपये, म्हणजे शुल्क सुमारे २,२७० रुपये होते. त्यावर शहरी भागाचे नोंदणी शुल्क १,००० रुपये.

अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, असे आपल्याला कुणी सांगितल्याचे आपण पत्रात पुढे लिहिले आहे. ती मर्यादा केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. तो राज्यांनी स्वीकारावा म्हणून केलेला नमुना आहे आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. त्यामुळे अनामतीचा आकडा आपण आणि घरमालक यांनी बोलूनच ठरवायचा आहे.

आता पैशांचा हिशोब. अकरा महिन्यांत तलावापोटी आपण १,६५,००० रुपये जास्त द्याल. जून ते सप्टेंबर या काळात बऱ्याच सोसायट्या उघड्यावरचा तलाव बंद ठेवतात किंवा पावसाच्या जोरानुसार अधूनमधून उघडतात, म्हणून वापराचे खरे महिने सातच धरा. शाळा, परीक्षा, सर्दी-खोकला सांभाळून मुले आठवड्यातून दोनदा उतरली, तर साठेक वेळा पोहणे होईल आणि दर खेपेला सुमारे २,७५० रुपये पडतील. दादरच्या शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी जलतरण तलाव आणि अंधेरीचे शहाजी राजे क्रीडा संकुल यांसारखे महापालिकेचे तलाव शहरात आहेत. वर्सोव्याहून अंधेरीचे संकुल दूर नाही आणि तिथे मुलांना प्रशिक्षकही मिळेल. केवळ पोहण्यासाठी म्हणाल, तर माझे मत जुन्या इमारतीच्या बाजूने आहे. मात्र नवी इमारत इतर कारणांनीही, म्हणजे लिफ्ट, पार्किंग, पाण्याची वेळ, शाळेचे अंतर यांसाठी हवी असेल, तर हाच हिशोब वेगळा दिसेल.

घर समुद्रापासून इतके जवळ आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सुचवते. खारा वारा धातू खातो. एसीच्या बाहेरच्या यंत्राच्या पत्र्या, खिडक्यांचे गज, गॅलरीचे कठडे, दारांच्या बिजागऱ्या, सगळ्यांना आतल्या भागातल्या घरांपेक्षा फार लवकर गंज चढतो. घर ताब्यात घेताना या प्रत्येक वस्तूचे तारखेसह छायाचित्र काढून घरमालकांना पाठवा आणि गंजामुळे होणारी दुरुस्ती ही वापरातली सर्वसाधारण झीज समजली जाईल, अनामतीतून कापली जाणार नाही, असे लिहून घ्या. पश्चिमेकडच्या खिडक्यांच्या चौकटींखालचा रंग फुगलेला दिसला, तर नैर्ऋत्येचा पाऊस तिथून आत येतो असे समजा. तलावाच्या स्टीलच्या शिडीवर तपकिरी डाग पडले असतील आणि ती हलवून पाहता डगमगत असेल, तर त्या सोसायटीची देखभाल कशी आहे हे एका नजरेत कळते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्यास परवानगी देणारा दाखला, पूर्ण इमारतीला मिळाले आहे का, हेही विचारा. नव्या इमारतींत सदनिका राहण्यास खुल्या झालेल्या असतात आणि तलाव मात्र अजून पूर्ण व्हायचा असतो.

प्रश्न : नवी मुंबईत पाम बीच मार्गालगतच्या एका सोसायटीत आम्ही दीड वर्ष भाड्याने राहतो. गेल्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला, की भाडेकरूंना तलाव वापरायचा असल्यास दरमहा वेगळे शुल्क द्यावे लागेल. शिवाय आमच्या घरमालकांनी देखभाल खर्च थकवला आहे, म्हणून आमची प्रवेशकार्डेच बंद केली आहेत. पाणी तोडण्याचीही भाषा सुरू आहे. आम्ही भाडे वेळेवर देतो. आमचा दोष काय?

उत्तर : आपला दोष काहीही नाही आणि सभेत आपल्याला परके मानले गेल्याचे आपल्याला जे दुःख झाले, ते रास्त आहे. तरीही कोणाशी कशासाठी बोलायचे, हे नीट वेगळे करावे लागेल. सोसायटीचे सभासद घरमालक आहेत. सोसायटीशी त्यांचे नाते आहे आणि आपले नाते त्यांच्याशी. देखभाल खर्च थकला, तर सहकार कायद्याप्रमाणे उपनिबंधकांकडून, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडून, वसुलीचा दाखला मिळवण्याचा मार्ग सोसायटीला खुला आहे. तो मार्ग सोडून भाडेकरूचे पाणी तोडणे मुळीच समर्थनीय नाही. तशी वेळ आलीच, तर सचिवांना लेखी हरकत द्या, तिची पोच घ्या आणि पोलिसांकडे तक्रार नोंदवण्यास कचरू नका.

तलावाच्या बाबतीत तितक्या ठामपणे बोलता येत नाही. सदनिका भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी सभासदाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू नये, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. एकदा ते शुल्क घेतल्यावर त्याच कारणासाठी, केवळ राहणारा भाडेकरू आहे म्हणून, दुसऱ्या नावाने आणखी पैसे मागणे मला अन्यायाचे वाटते. पण हा प्रश्न सभेत आणि गरज पडल्यास उपनिबंधकांपुढे मांडण्याचा अधिकार सभासदाचा, म्हणजे आपल्या घरमालकांचा आहे. त्यांना लेखी कळवा, की थकबाकी त्यांची असून तिचा त्रास आपल्याला होतो आहे. ती किती दिवसांत भरणार याची तारीख मागा. भाड्यातून परस्पर रक्कम कापू नका. करारात तशी तरतूद नसताना कापलेला रुपया उद्या आपल्याच नावावर थकबाकी म्हणून दिसेल. घरमालक तयार असतील, तर सोसायटीची थकबाकी आपण थेट भरावी आणि तेवढी रक्कम भाड्यातून वळती व्हावी, असे दोघांच्या सहीचे पत्र करून घ्या.

प्रश्न : आमचे घरमालक न्यू जर्सीत राहतात. भाडे ६५,००० रुपये आहे. भाडे देताना त्यातून प्राप्तिकराची कपात किती करायची?

उत्तर : घरमालक भारतात राहणारे असते, तर दरमहा ५०,००० रुपयांहून जास्त भाडे असल्याने २ टक्के कपात करावी लागली असती, ऑक्टोबर २०२४ पूर्वी हा दर ५ टक्के होता. अनिवासी घरमालकाला ५०,००० ची ही मर्यादा लागू नाही. तिथे कपात भाड्याच्या पहिल्या रुपयापासून, ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे साधारणपणे ३१.२ टक्के दराने होते. आपल्या बाबतीत ही रक्कम दरमहा २०,२८० रुपये होईल. ती भरण्यासाठी आपल्याला टॅन क्रमांकही, म्हणजे कर कापून भरणाऱ्याला मिळणारा क्रमांक, घ्यावा लागेल. घरमालकांना हा दर जड वाटत असेल, तर त्यांनी प्राप्तिकर विभागाकडून कमी दराने कपातीचा दाखला मिळवून आपल्याला द्यावा. दाखला हातात येईपर्यंत कपात पूर्ण दरानेच करा, कारण न कापलेल्या कराची जबाबदारी भाडे देणाऱ्यावर येते. करार करण्यापूर्वीच घरमालकांच्या निवासाविषयी विचारणे म्हणून फार आवश्यक आहे.

प्रश्न : प्रभादेवीच्या आमच्या इमारतीत तलावावर क्लोरीनचा उग्र वास येतो आणि पोहून आल्यावर मुलीचे डोळे चुरचुरतात. व्यवस्थापक म्हणतात, वास येतो म्हणजे पाणी निर्जंतुक आहे. उन्हाळ्यात मात्र तलावासाठी टँकर मागवतात, हेही मनाला पटत नाही.

उत्तर : वासाविषयीचा समज उलटा आहे आणि तो इतका पसरला आहे, की त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. नीट राखलेल्या तलावाला उग्र वास येत नाही. क्लोरीन जेव्हा घाम, मूत्र आणि अंगावरच्या मळातील नत्रयुक्त पदार्थांशी संयोग पावते, तेव्हा क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात; नाकाला झोंबणारा वास आणि डोळ्यांची आग त्यांच्यामुळे होते. म्हणजे वास जितका उग्र, तितके काम न करता अडकून पडलेले क्लोरीन जास्त आणि जंतू मारायला मोकळे राहिलेले कमी, अशी शक्यता असते. मोकळे क्लोरीन दर लिटरला साधारण १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे याचा आकडा, ७.२ ते ७.८ या दरम्यान असावा. पीएच वाढला की क्लोरीनची मारक शक्ती झपाट्याने घटते, त्यामुळे दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात. ते मोजण्याचा छोटा संच बाजारात मिळतो. आपण व्यवस्थापकांकडे रोजची नोंदवही मागा. तिच्यात दोन्ही आकडे, वेळ आणि मोजणाऱ्याची सही नसेल, तर तलाव अंदाजाने चालला आहे असे समजा. एक साधी कसोटी पोहायला उतरण्यापूर्वी स्वतःही करता येते: काठावर उभे राहून सर्वांत खोल जागेची तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तर त्या दिवशी कोणीही उतरू नये, कारण अशा पाण्यात बुडालेले माणूसही दिसत नाही.

उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साबण लावून अंघोळ केली, तर क्लोरामाइनचा त्रास बराच कमी होतो. ज्याला जुलाब होत आहेत त्याने तर पाण्यात पायही घालू नये. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या पाण्यातही कित्येक दिवस तग धरतो आणि तलावाचे चार घोट पोटात गेले की दुसऱ्याला बाधतो.

टँकरविषयीची आपली अस्वस्थता मला जवळची वाटते. वीस मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात दोन लाख लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे वीस टँकर. एकदा भरल्यावर ते पाणी गाळून पुन्हा वापरले जाते हे खरे, पण रोज पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी ८०० लिटर पाणी उडून जाते. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हवे, या मापाने चौघांच्या कुटुंबाची गरज ५४० लिटरची आहे. तानसा, भातसा, वैतरणा यांच्या पातळीकडे मे महिन्यात सारी मुंबई डोळे लावून बसलेली असते. त्या दिवसांत तलाव बंद ठेवण्याचा ठराव आपल्या घरमालकांमार्फत सभेत आणता आला, तर अवश्य आणा. फक्त बंद म्हणजे पाणी तसेच साचवून ठेवणे नव्हे. गाळणी थांबलेल्या तलावात मलेरिया आणि डेंग्यू या दोन्हींच्या डासांची पैदास होऊ शकते. स्वच्छ साचलेले पाणी दोघांनाही मानवते.

प्रश्न : मुलगा-सून वर्सोव्याला भाड्याच्या नव्या घरात गेले आहेत. मी कोल्हापूरहून नातवाला सांभाळायला आले आहे. नातू तीन वर्षांचा आहे. इमारतीचा तलाव बागेला लागूनच आहे, मध्ये फक्त कुंड्यांची रांग. जीवरक्षक संध्याकाळी चार तास असतो. सगळे म्हणतात, आजी उगाच घाबरतात. मी उगाच घाबरते का?

उत्तर : नाही, आजी, आपण उगाच घाबरत नाही. या सर्व पत्रांत आपले पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. लहान मूल बुडते तेव्हा ते ओरडत नाही, हात हलवून मदत मागत नाही; श्वासासाठी धडपडणाऱ्या मुलाला आवाज काढायला वेळच मिळत नाही. काठावर गप्पा मारणाऱ्या मोठ्या माणसांना काही कळण्यापूर्वी सारे घडून जाते, आणि त्यासाठी दोन-तीन मिनिटे पुरतात. कुंड्यांच्या रांगेला कुंपण म्हणता येत नाही. तलावाभोवती चारही बाजूंनी निदान १.२ मीटर उंचीचे कुंपण हवे, त्याच्या उभ्या गजांमधले अंतर दहा सेंटिमीटरहून कमी हवे, मुलाला पाय ठेवून चढता येईल अशी आडवी पट्टी त्यात नको, आणि फाटक आपोआप बंद होऊन कडी लागणारे, ती कडी मुलाच्या हाताला न पोचणारी असावी. जीवरक्षक नसलेल्या वेळी फाटकाला कुलूप असले पाहिजे.

मुलाला आणि सुनेला हे पत्र दाखवा. करार त्यांच्या नावावर आहे, तेव्हा त्यांनी घरमालकांना आणि सोसायटीच्या सचिवांना आजच लेखी कळवावे, की कुंपण होईपर्यंत तलाव जाळीने झाकावा किंवा बागेकडचा रस्ता तरी बंद करावा. शेजारच्या, लहान मुले असलेल्या दोन-तीन सभासदांच्या सह्या त्या पत्रावर घेतल्या, तर सचिवांना ते बाजूला ठेवता येणार नाही. तळाच्या जाळीचे झाकण घट्ट बसलेले आहे का आणि काठावर, बुडणाऱ्याकडे फेकायचे दोर बांधलेले तरंगते कडे आहे का, हेही त्यांनी त्याच वेळी पाहावे. सैल झाकणाच्या जाळीवर पंपाच्या ओढीने केस किंवा हात अडकल्यास मोठ्या माणसालाही सुटणे कठीण जाते.

नातवाला पाण्यात न्यायचेच असेल, तर सोबतच्या मोठ्या माणसाने स्वतः पाण्यात उतरून, हात पुढे केला की मूल हाताशी येईल इतके जवळ राहावे. दंडावर चढवायच्या हवेच्या रबरी पट्ट्यांवर विसंबू नका; त्या खेळणे म्हणून विकल्या जातात, हातातून निसटतात आणि त्यांची हवाही जाते. बागेत खेळायला नेताना आपण फोन घरी ठेवता, असे आपण लिहिले आहे. तो सोबत असू द्या, फक्त पिशवीत ठेवा. जीवरक्षकाचा आणि पहारेकऱ्याचा फोन क्रमांक, तसेच रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्याच पिशवीत ठेवा. आणि नातू दिसेनासा झाला, तर घर, जिना, लिफ्ट यांपैकी काहीही पाहण्यापूर्वी आधी तलावाकडे धावा.